ते खत नव्हतं

अरुण,

काल ग्रामसभा झाली. तू गेल्यानंतरची पहिली. काय झालं ते सांगायलाच बसले आहे, पण एकदम तिथवर येता येत नाही. आधी इकडचं तिकडचं सांगते. तुला मधेमधे तोंड घालायची सवय. आता तेवढं करता येणार नाही. इतकी वर्षं संसार करून पहिल्यांदाच मला एक वाक्य पुरं करायला मिळतंय, आणि ते मला नको आहे.

फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तुझ्या मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या अजून तशाच आहेत. वर भाजी, खाली माती, हा आपल्या प्रताप नगरातल्या घराचा नियम. लेक म्हणाली, "आई, काढून टाकू का?" मी तिच्या अंगावर ओरडले. मग दोघी रडलो. टाकायच्या म्हटल्या तरी कुठं टाकायच्या? ही माती कुठंही टाकायची नसते, घरच्या कुंडीतसुद्धा नाही, हे तूच आम्हाला घोकवलंस.

लोक भेटायला येतात. "फार मोठं समाजकार्य केलं हो साहेबांनी," म्हणतात. मी चहा ठेवते. तू असतास तर लगेच म्हणाला असतास, "समाजकार्य कायचं बाप्पा, साफसफाई करून राहिलो." त्यांना ते विनोदी वाटलं असतं. मला माहीत आहे की तो विनोद नव्हता. तू स्वतः केलेलं निस्तरत होतास.

आपण कॉलेजच्या लॅबमध्ये भेटलो तेव्हा तू कुहीकडचा, धानाच्या वावरातून आलेला, इंग्रजी पुस्तक उघडलं की कपाळाला घाम येणारा मुलगा होतास. मी नागपूरची. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, घरात शिक्षणाशिवाय दुसरा विषय नाही. बाबांनी तुला विचारलं, "तुमच्या घरचे काय म्हणतात?" तू म्हणालास, "सध्या नाराज आहेत. धान कापणीपर्यंत मानतील." त्या वर्षीची कापणी झाली, मग पुढच्या कितीतरी झाल्या. तुझी माय मानली ती आपली लेक तिच्या मांडीवर जाऊन झोपली तेव्हा. कुहीला मी तुला 'अहो, तुम्ही' म्हणायची आणि परतीची एसटी सुटली रे सुटली की 'तू'वर यायची. तू खिडकीतून बाहेर बघत हसायचास. "आली माही बायको परत," म्हणायचास.

तेव्हा तू बुटीबोरीला कापड रंगवायच्या कारखान्यात केमिस्ट होतास. तुझी नखं कधी निळी, कधी लाल. संध्याकाळी दार उघडलं की मी आधी तुझी बोटं बघायची आणि आज कोणता रंग चालला ते सांगायची. आपला खेळच होता तो.

सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट तुझ्याकडं होता. पाणी स्वच्छ होऊन जायचं आणि खाली काळा, जड गाळ उरायचा. तो नियमानं घातक कचऱ्याच्या जागी जायला हवा. तो गेला जवळच्या गावाच्या गायरानात. भरदिवसा, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून. गावाला सांगितलं, खत आहे. दिसायचंही खतासारखंच. काही जणांनी मागून घेऊन वांग्याच्या वाफ्यात टाकलं. त्या ट्रॉल्या गेटबाहेर सोडायचं काम तुझं. वरच्या साहेबांचा हुकूम होता, तू नवा होतास, आपलं नुकतंच लग्न झालं होतं. ही सगळी कारणं मला तूच सांगितलीस, आणि तूच खोडलीस. "कारणं खरी आहेत," म्हणालास, "पण म्हशीले त्याचं काय?"

ते मला कळलं पुष्कळ वर्षांनी. कारखाना बंद पडला होता, मालक कुठल्या कुठं निघून गेले होते, तू नागपुरात एका तपासणी लॅबमध्ये लागला होतास. रविवार होता. मी पाटोडीचा रस्सा केला होता, तुझ्या आवडीचा, नाकातून पाणी काढणारा. तू जुन्या कामगाराच्या मुलीच्या साक्षगंधाला बुटीबोरीला गेला होतास. आलास आणि ताटावर बसून राहिलास. हात लावेनास.

"काय झालं?"

"सुजाता," तू म्हणालास, "मी लोकायले जहर देलं वं."

चहाच्या टपरीवर तुला त्याच गावचे शालिकराव भेटले होते. तुला ओळखत नव्हते. आपल्या म्हशी कशा एकामागून एक बसल्या त्या उठल्याच नाहीत, हे ते कोणाला तरी सांगत होते. गायरानात चरणारी जनावरं. शेजारच्या बोअरचं पाणी पिवळं. तिथं आता कुसळसुद्धा उगवत नाही, म्हणत होते. तू चहाचा ग्लास तसाच ठेवून उठलास.

मी तुला म्हटलं, लॅबमध्ये नमुने तपास, अर्ज कर, संबंधितांना कळव. शहाण्या माणसासारखं सगळं सांगितलं. तू ते सगळं केलंसच. पण त्याच्या आधी तू ग्रामसभेत गेलास. मला सोबत नेलंस. का नेलंस ते मला आजही नीट कळलेलं नाही. साक्षीदार हवा होता का? की परत फिरावंसं वाटलं तर मी मागे उभी असावी?

तू उभा राहिलास. म्हणालास, "ते खत नव्हतं. कारखान्याचा गाळ होता. त्यात क्रोमियम होतं. ट्रॉल्या मी सोडत होतो. मले माहीत होतं."

देवळासमोरच्या त्या मंडपात वर पंखा फिरत होता. मग शालिकराव उठले, चालत तुझ्यापर्यंत आले आणि तुझ्या कानाखाली वाजवली. तुझा चष्मा उडाला. मी धावले. तू मला हातानं थांबवलंस. शालिकराव रडत होते. "माह्या हातानं चारलं गा त्यायले," म्हणत होते. "मी सोता हाकलत नेलं तिकडं."

घरी येताना मी गाडी चालवली. तुझा गाल सुजला होता. वर्धा रोडवर तू अचानक म्हणालास, "बरं वाटून राहिलं." मला तुझा इतका राग आला होता, अरुण, आणि त्या क्षणी तुझ्यावर इतका जीव जडला, की मी गाडी बाजूला घेतली. ट्रक जात होते. हे मी तुला कधी सांगितलं नाही: माझ्या लेखी आपलं लग्न त्या दिवशी पुन्हा झालं.

मग गायरान. तुझे आणि माझे सगळे रविवार, सगळ्या सुट्ट्या, दिवाळ्या त्यानं खाल्ल्या. वरचा गाळाचा थर काढून नेण्यासाठी तू किती दारं झिजवलीस ते मोजायलाही नको. शेवटी एकदाचे ट्रक आले आणि गाळ गेला. पण मुरलं होतं ते मातीत तसंच राहिलं. पहिल्या पावसाळ्यात लावलेलं सगळं जळालं. मी म्हटलं, झालं, सोड आता. तू शेणखतानं भरलेल्या बैलबंड्या मागवल्यास. खरं शेणखत. शालिकरावांनीच आणून टाकलं. गावात कोणी हसून म्हणालं, "पहा, आता खत आलं." तुम्ही दोघं हसला नाहीत.

पुढच्या साली वाळा धरला. मी शाळेत मुलांना रसायनशास्त्र शिकवते, मला ठाऊक होतं की हे गवत मुळं खोल सोडतं, मातीतला धातू मुळांत ओढून धरतं, खालच्या पाण्यात उतरू देत नाही. ठाऊक असणं वेगळं. त्या मेलेल्या, भेगाळलेल्या जमिनीवर हिरवी रांग बघितली तेव्हा मी तिथंच मातीत बसकण मारली. तू ओरडलास, "अवं उठ, बसू नोको तिथं! हातमोजे कुठी आहेत तुहे?" एवढ्या सुंदर क्षणी नवऱ्यानं बायकोला काय म्हणावं!

त्यानंतर एकदा टिटवीनं वाळ्याच्या रांगांमध्ये अंडी घातली. तू तिच्याभोवती दगड मांडून ठेवलेस, मजुरांना तिकडून जाऊ देईनास. ती टिटवी तुझ्याच डोक्यावर झडप घालायची, तू हात वर करून पळायचास, आणि शालिकराव पोट धरून हसायचे. "साहेब, तिले सांगा ना, तुमीच मालक आहा." मी त्या दोघांना त्याआधी कधी एकत्र हसताना बघितलं नव्हतं. त्या दिवसासाठी मी तुझे सगळे हरवलेले रविवार माफ केले. ऐकतोयस? माफ केले.

पण हिरवं झालं आणि खरी भांडणं तिथून सुरू झाली. जमीन ओसाड होती तोवर कोणी काही मागत नव्हतं. आता ढोरांना चारायला मागू लागले. तू नाही म्हणालास. पोट्ट्यांना क्रिकेट खेळायचं होतं. नाही. बचत गटाच्या बाया आल्या, सरपंच मंदाताई त्यांच्या पुढं. वाळ्याची मुळं काढून धुऊन विकायची म्हणत होत्या. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरला वाळ्याच्या ताट्या कोणाला नको असतात? मंदाताई म्हणाल्या, "साहेब, वास पहा केवढा सुटला! हे फेकून कसं देता?"

तू त्यांना समजावत राहिलास. "ताई, जे मातीतून निघालं ते या मुळांत बसलं आहे. तुमी ते कोणाच्या घरच्या कूलरमध्ये लावान, त्यातून हवा लेकरायवर येईन. आपल्यासोबत झालं तेच आपून दुसऱ्यासोबत कराचं का?"

बाया उठून निघाल्या. पटलं म्हणून नाही. थकल्या म्हणून. त्यांच्यातली एक जाता जाता म्हणाली, "आधी जहर होतं म्हणून हात नाही लावाचा. आता सोनं आहे तरी हात नाही लावाचा. मंग हे कोणासाठी आहे?" तू रात्रभर कूस बदलत होतास. सकाळी म्हणालास, "बरोबर विचारलं तिनं."

तरी कुंपण तसंच ठेवलंस.

मग तुझे पाय सुजले. मग किडन्या. डायलिसिसच्या खोलीत डॉक्टरांनी विचारलं, "पूर्वी कुठं कामाला होतात?" तू सांगितलंस. त्यांनी मान हलवली आणि लिहिलं काहीतरी. मी त्यांना बाहेर गाठलं. "त्यामुळंच का? कारखान्यामुळं? की इतकी वर्षं त्या जमिनीवर..." ते म्हणाले, "सांगता येत नाही मॅडम. रक्तदाबही आहे त्यांना." सांगता येत नाही. जगातली सगळ्यात सोपी एक-दोन-तीन अक्षरांची वाक्यं मला तेव्हा आठवत होती, हो, नाही, असेल, नसेल. कोणीही त्यातलं एकही मला दिलं नाही. माझ्याच घरातला माणूस कशानं चालला आहे ते मला, विज्ञान शिकवणाऱ्या बाईला, कळणार नव्हतं.

आणि तू? एका डायलिसिसहून दुसऱ्यापर्यंतच्या मधल्या दिवशी गायरानावर. मी किल्ली लपवली तर शालिकराव मोटरसायकल घेऊन दारात. त्यांच्यावरही मी भडकले. ते खाली मान घालून म्हणाले, "मी आपल्या मनानं नाही आलो ताई. त्यायनंच फोन केला."

आपलं शेवटचं भांडण त्या खोलीतच झालं. यंत्रात तुझं रक्त फिरत होतं आणि मी भांडत होते. मी म्हटलं, अर्धी तरी जमीन लोकांना दे. उत्तरेकडच्या बाजूला माती बरीच सुधारली आहे. तिच्यावर बाहेरची चांगली माती जाड पसरू, मुलांना खेळायला मैदान करू, बाजाराला एक शेड टाकू. लोकांचा पाय लागू दे. त्यांना ती आपली वाटली नाही तर उद्या कुंपण तोडतील.

"झाकणं म्हणजे बरं करणं नव्हे वं," तू म्हणालास.

"तुझ्यासाठी नसेल. लोकांना बसायला जागा लागते, अरुण. निर्मळ जमीन नको आहे त्यांना, जमीन हवी आहे."

"आणि कोणी खोदलं मंग? खड्डा केला, खांब रोवला, पोट्ट्यानं माती खाल्ली?"

"मग तू कधी देणार? मातीच्या तपासणीचे आकडे कधी बरे होतील? तू असशील तोवर?"

हे मी बोलले. तू माझ्याकडं बघितलंस, रागानं नाही. म्हणालास, "थकलो आता. उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी तुला बोलता येत नव्हतं. माझा मुद्दा मला अजूनही बरोबर वाटतो. तुझाही बरोबर वाटतो. कोण बरोबर होतं हे ठरवायला दोन माणसं लागतात, आणि तू उठून गेलास.

तुला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा कुहीहून माय आली. गायरानाच्या गावातून टेम्पो भरून माणसं आली. मोठ्यानं रडली. माझ्या माहेरच्यांनी वंदना घेतली, तुझ्या घरच्यांनी त्यांचं केलं. कोणी कोणाला अडवलं नाही. अस्थी कुठं, असं कोणी विचारलं तेव्हा तूच कधीतरी बोललेलं मला आठवलं आणि मी सगळ्यांसमोर हसले. "मी मेल्यावर राख गायरानात टाकू नका हो. मातीचे आकडे बिघडतील." लोकांना वाटलं, बाईचा तोल गेला.

माय शालिकरावांसमोर जाऊन उभी राहिली. विचारलं, "त्या जमिनीनं नेला का गा माह्या लेकाले?"

शालिकरावांनी तिचे पाय धरले. माय तशीच उभी, त्यांच्या डोक्यावर हात ठेवून. त्या हाताखाली ते किती वेळ होते कोण जाणे. मला तिथं बघवलं नाही.

आता कालचं.

मंदाताईंचा फोन आला होता, ताई, तुमी याच. एका गोदामवाल्या कंपनीचा माणूस आला होता. स्वच्छ शर्ट, गोड बोलणं, हातात टॅबलेट. त्यांना गायरान भाड्यानं हवं आहे. सगळ्या जमिनीवर सिमेंट ओतायचं, वर गोदाम उभं करायचं. गावातल्या पोरांना कामावर घेऊ म्हणाला. गायरान आहे, वरून मंजुरी लागेल. पण गावाचा ठराव झाला की मंजुरीला कितीसा वेळ. कुंपण तर आधीच दोन ठिकाणी तोडलेलं बघितलं मी येताना. वाळ्यात ढोरं शिरली होती.

मंदाताईंनी मला उभं केलं. "ताई, साहेब जाताना काय सांगून गेले ते सांगा. त्यायचा शब्द आमी मोडणार नाही."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं असतं, 'देऊ नका, ही साहेबांची शेवटची इच्छा', तर त्या क्षणी त्यांनी ऐकलंही असतं. जिभेवर आलं होतं. पण त्याच मंडपात, त्याच पंख्याखाली, तू उभा राहून खरं बोलला होतास. तिथं खोटं कसं बोलू?

मी म्हटलं, "ते काही सांगून गेले नाहीत. आमचं भांडण झालं होतं." आणि सगळं सांगितलं. तुझं म्हणणं तुझ्यासारखं, माझं माझ्यासारखं. मैदान, शेड, वरून माती. मला वाटलं, लोक यावर बोलतील. आपलं अर्धवट राहिलेलं भांडण गाव पुरं करेल.

तो माणूस हसतमुख उठला. "देखिए, मॅडम खुद बोल रही हैं, ढाक दो तो काम चलेगा। हम भी तो वही कर रहे हैं। पूरा पक्का ढाक देंगे।"

मी ओरडले, "मी सिमेंट नाही म्हटलं! त्याखालचं पाणी? आणि हा वाळा उपटून कुठं टाकणार तुम्ही? त्याच्या मुळांत सगळं विष आहे!"

"वो हमारा कॉन्ट्रॅक्टर देख लेगा।"

कॉन्ट्रॅक्टर बघेल. अरुण, मला त्या ट्रॉल्या दिसल्या. कुठल्यातरी दुसऱ्या गावात जाणाऱ्या.

ठरावाला हो म्हणणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. हात वर झाले. खूप झाले. मी ओळखीचे चेहरे शोधत होते. वाळ्याला पाणी घालणाऱ्या बायांचे हात वर. मंदाताईंनी केला नाही. त्या पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मग मी शालिकरावांकडं बघितलं. त्यांचा हात वर होता.

सभा उठल्यावर मी त्यांच्यासमोर गेले. तेच बोलले. "माह्या पोराले वॉचमनची नोकरी देतो म्हणते. घरी बसला आहे ताई, किती दिवसाचा." मग म्हणाले, "साहेब होते तोवर थांबलो. आता कोणासाठी थांबू?"

मी त्यांना मारावं असं मला वाटलं. एकदा त्यांनी तुला मारलं तसं. पण माझा हात उचलेना. त्यांचा चेहरा तुझ्या शेवटच्या दिवसांतल्या चेहऱ्यासारखा थकलेला होता. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी तुझी वाट बघितली, तुझं ऐकलं, तुझ्या शब्दाखातर आयुष्याचा शेवटचा तुकडा त्या गवताला दिला, आणि हातात काय आलं? टिटवी. एक टिटवी आणि एक मेलेला साहेब.

मी परत निघाले होते. गायरानाच्या कडेच्या हातपंपावर शालिकरावांची सून उभी होती, कडेवर लेकरू, पायाशी रिकामा हंडा. तू त्या पंपाला लाल रंग दिला होतास, पिण्याचं नाही हे लांबून कळावं म्हणून. तो रंग आता पोपडे धरून गळतोय. गावच्या नळाची मोटर जळाली आहे, टँकर आला नाही, असं तिनं सांगितलं. मग विचारलं, "ताई, आता तर सगळं झाकूनच टाकणार आहेत. मंग हे पाणी चालन ना?"

"नाही," मी म्हटलं. "हे प्यायचं नाही. झाकलं तरी नाही. लेकराला तर मुळीच देऊ नको."

तिनं वाद घातला नाही. कुठला टोमणा मारला नाही. खरंच विचारायचं असतं तसं विचारलं, "मंग कोणतं देऊ?"

ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघत थांबली. मग लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि हापसायला सुरुवात केली.

तुझ्याकडंही उत्तर नसतं, अरुण, हे मला माहीत आहे. पण निदान निरुत्तर तरी आपण दोघं असतो.